वाहतुकीसाठीं विक्रीकर : आधीं हिशेब, मग पैसा

दुकानाच्या गल्ल्यांत पडणाऱ्या दर शंभर रुपयांमागें एक रुपया शहराच्या वाहतुकीसाठीं वेगळा काढून द्या, म्हणजे दहा-वीस वर्षांत रस्ते रुंद होतील, पूल उभे राहतील आणि गर्दी ओसरेल, असें उद्यां कोणीं येऊन सांगितलें तर आमच्या व्यापारी वाचकांनीं त्यास काय उत्तर द्यावें? रुंद रस्ता नको असणारा दुकानदार आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. माल वेळेवर पोंचावा, गिऱ्हाइकास दारापर्यंत येतां यावें, ही त्याचीच गरज आहे. तेव्हां प्रश्न रस्ता हवा कीं नको हा नाहीं. पैसा कोणाकडून, कोणत्या करारावर आणि किती काळ घ्यावयाचा, हा प्रश्न आहे.

अमेरिकेंतील अनेक शहरांत असा कर चालूं आहे व नवे प्रस्ताव वरचेवर मतदारांपुढें येत असतात. आपल्याकडे १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाल्यापासून नगरपालिकांस मालाच्या विक्रीवर स्वतंत्र कर बसवितां येत नाहीं. परंतु त्या करांतील ठराविक वाटा शहरांस मिळावा अशी मागणी अर्थशास्त्रज्ञ करीत आले आहेत, आणि शहरांच्या वाहतुकीचा खर्च तर दरसाल वाढतच आहे. म्हणून ज्यांनीं हा मार्ग आधीं चोखाळला त्यांचा अनुभव पाहून ठेवणें शहाणपणाचें होय. पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा.

जॉर्जिया राज्यांत २०१२ सालीं काय घडलें तें पाहा. वाहतुकीच्या कामांसाठीं राज्याचे बारा विभाग पाडण्यांत आले आणि ३१ जुलै रोजीं प्रत्येक विभागांतील मतदारांस विचारण्यांत आलें कीं, दहा वर्षें शेंकडा एक जादा विक्रीकर देण्यास तुम्ही तयार आहां काय? अटलांटा शहराच्या एकट्या विभागांत दहा काउंट्या, म्हणजे आपल्याकडील लहान जिल्ह्यांसारखे दहा मुलूख, येत होते. तेथून सुमारें ७ अब्ज २० कोटी डॉलर जमतील असा अंदाज होता. १५७ कामांची यादी लोकांपुढें ठेवलेली होती. राज्याचे गव्हर्नर, अटलांटाचे महापौर आणि मोठमोठ्या व्यापारी संस्था कराच्या बाजूनें उभ्या होत्या. तेथील रस्त्यांवरची कोंडी तर प्रसिद्धच आहे. तरीही अटलांटा विभागांत शंभरांतील सुमारें त्रेसष्ट मतें विरुद्ध पडलीं. बारांपैकीं नऊ विभागांनीं कर नाकारला. तीन विभागांनीं मात्र तो पत्करला. विरोधकांत कोणताही कर नको म्हणणारे टी पार्टीचे लोक होते, आणि यादींत रस्तेच फार झाले म्हणून रागावलेला सिएरा क्लब हा निसर्गरक्षकांचा संघही होता. ज्यांचें एरवीं कशांतही जमत नाहीं, ते या एका नकारांत एक झाले.

असें कां व्हावें? आमच्या मतें त्याचें एक मोठें कारण करांत नसून एका जुन्या वचनांत होतें. अटलांटांतून जाणाऱ्या जॉर्जिया ४०० या महामार्गाचा शहरांतील भाग १९९३ सालीं टोल बसवून खुला झाला. कर्ज २०११ पर्यंत फिटेल आणि मग टोल उठेल, असें लोकांस सांगितलेलें होतें. मुदत जवळ आली तेव्हां, २०१० सालीं, अधिकाऱ्यांनीं तो २०२० पर्यंत चालूं ठेवण्याचें ठरविलें. मतदानास थोडे दिवस उरले असतां गव्हर्नरांनीं तो पुढील वर्षीं बंद करूं असें जाहीर केलें, आणि नोव्हेंबर २०१३ मध्यें तो खरोखरच बंद झाला. परंतु तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. एकदां मुदतीस हुंडी न वठविणारा सावकार दुसऱ्यांदा कितीही गोड बोलला तरी पेठेंत त्याची पत राहत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. सरकारासही पत असते, आणि ती अशीच जाते.

दुसरी गोष्ट भाराची. विक्रीकर सर्वांवर सारखाच पडतो असें म्हणतात. पण सारखा दर म्हणजे सारखा भार नव्हे. हमालाची सारी मजुरी पीठमिठांत व कापडचोपडांत खर्च होते, तेव्हां त्याच्या जवळजवळ प्रत्येक रुपयावर कर बसतो. लक्षाधीश आपल्या मिळकतीचा लहानसा भाग खर्च करतो व बाकीचा सांठवितो. सांठविलेल्यावर हा कर नाहीं. जॉर्जियाच्या त्या योजनेंत तर घरच्या किराण्यावर कर होता आणि रस्त्यावर धांवणाऱ्या मोटारींच्या पेट्रोलास सूट होती. रस्ता झिजविणाऱ्याच्या टाकीस हात नाहीं आणि पायीं चालणाऱ्याच्या भाकरीवर मात्र आकार, हा न्याय आम्हांस तरी समजत नाहीं. नव्या मार्गालगतच्या जमिनींचे भाव वाढतात, त्या जमीनमालकाकडून या करानें कांहींच येत नाहीं. आणि व्यापाऱ्यास बिनपगारी कारकुनाप्रमाणें वसुलीचें काम करावें लागून, वर काउंटीची हद्द ओलांडून गिऱ्हाईक पलीकडे गेलें तर तें पाहत बसावें लागतें.

तिसरी गोष्ट मुदतीची. लॉस एंजेलिस काउंटींत १९८० सालीं अर्धा टक्का, १९९० सालीं दुसरा अर्धा, २००८ सालीं तिसरा आणि २०१६ सालीं चौथा, असे मतदानानें कर बसत गेले. तिसऱ्यास तीस वर्षांची मुदत होती. २०१२ सालीं ती आणखी तीस वर्षें वाढविण्याचा प्रस्ताव आला; दोनतृतीयांश मतें हवीं होतीं, तीं थोडक्यांत हुकलीं. चार वर्षांनीं संमत झालेल्या करास मुळीं मुदतच नाहीं, आणि २०३९ सालीं तिसरा कर संपला म्हणजे हाच वाढून त्याची जागा घेणार आहे. त्या पैशांतून तेथें रेल्वेमार्ग झाले, हें आम्ही नाकारीत नाहीं. मतदारांनीं तो राजीखुशीनें दिला, हेंही खरें. परंतु पाहुणा म्हणून आलेला कर घरजांवई कसा होतो, याचा हा उत्तम दाखला आहे. अटलांटाजवळच्या कॉब व ग्विनेट या दोन काउंट्यांपुढें ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं तीस वर्षांच्या अशाच एक टक्क्याचा प्रश्न आला, तेव्हां दोन्हींनीं नाहीं म्हटलें.

आतां घरची गोष्ट. जकातनाक्यांवर खोळंबणाऱ्या गाड्या आमच्या वाचकांच्या स्मरणांत असतील. जकातीच्या जागीं स्थानिक संस्था कर आला; २०१३ सालीं त्याविरुद्ध व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद ठेवलीं, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांस त्यांतून सोडण्यांत आलें. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजीं गेली. पण शहराच्या वाहतुकीसाठीं वेगळा आकार ही कल्पना कांहीं गेली नाहीं. मुंबई, पुणें, ठाणें, नागपूर येथें घर खरेदी करणाऱ्यास मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार मेट्रोसारख्या कामांसाठीं द्यावा लागतो. साथीच्या काळांत तो स्थगित होता, १ एप्रिल २०२२ पासून पुन्हां सुरू झाला. त्यावर घर घेणाऱ्याचें मत मात्र कोणीं विचारलें नाहीं. अटलांटाच्या दुकानदाराच्या करासंबंधानें आम्ही साशंक आहों. पण त्यास नाहीं म्हणण्याचा जो अधिकार मिळाला, त्याचा आम्हांस हेवा वाटतो.

कोणी म्हणतील, सरकारच्या प्रत्येक कामांत खोड काढणाऱ्यांमुळेंच शहरें खड्ड्यांत राहतात. हा आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. पैशावांचून पूल होत नाहीं, आणि नुसतें नाहीं म्हणणाऱ्यासही उद्यां त्याच गर्दींत तासभर उभें राहावें लागेल. म्हणूनच आम्ही नुसतें नाहीं म्हणत नाहीं. चार अटी मागतों. कामांची व त्यांच्या खर्चाची यादी आधीं छापावी आणि ती मागाहून गुपचूप बदलूं नये. कर कधीं संपणार ती तारीख कायद्यांतच असावी. त्याचा जमाखर्च वेगळ्या खात्यांत ठेवून तिऱ्हाईत हिशेबतपासनिसाचा अहवाल दरवर्षीं मराठींत लोकांपुढें ठेवावा. आणि धान्यमिठाकडे वळण्यापूर्वीं, ज्यांच्या जमिनींचे भाव या मार्गांनीं वाढतात व ज्यांच्या मोटारी भररस्त्यांत फुकट उभ्या राहतात, त्यांच्याकडे आधीं हात पसरावा.

या अटी कांहीं अघटित नव्हेत. किरकोळ दुकानदारसुद्धां भागीदाराचा पैसा घेतांना इतकें लिहून देतो व दिवाळीस वह्या उघडून दाखवितो. शहर हा तर लाखों भागीदारांचा धंदा आहे. वाहतुकीसाठीं नवा आकार सुचविणाऱ्यांनीं आधीं जुन्याच्या वह्या उघडाव्यात. त्या स्वच्छ निघाल्या तर दर शंभरीं एक रुपया मागावयास त्यांना लाजण्याचें कारण नाहीं, आणि आम्हांलाही तो देण्यास कुरकुर करण्याचें कारण उरणार नाहीं.