गाठ रक्ताची, घाई सुरीची

वस्तीत आरोग्य तपासणीला बसलो की एखादी आई गर्दी ओसरेपर्यंत थांबते. मग मुलीची सलवार गुडघ्यापर्यंत वर करून दाखवते. पोटरीवर निळसर, मऊ फुगवटा. उभे राहिले की भरतो, आडवे पडले की ओसरतो. "ताई, जन्मापासूनच आहे. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना ग्रहणात काहीतरी चिरलंस." मुलगी मान खाली घालून उभी असते.

त्या आईला आम्ही आधी हेच सांगतो : बाई, यात तुझा दोष नाही. ग्रहणाचा आणि मागच्या जन्माचा तर मुळीच नाही; ते ओझे आपल्या लोकांनी १९५६ साली नागपुरात उतरवून ठेवले आहे. बाळ पोटात असताना रक्तवाहिन्यांची जडणघडण चुकते, त्यातून हा विकार होतो. तो कॅन्सर नाही, संसर्गही नाही. तान्ह्या बाळाच्या अंगावर पहिल्या काही महिन्यांत वाढून पुढे आपोआप ओसरणारी लाल गाठ वेगळी. हा फरक मुलिकन आणि ग्लोवाकी या डॉक्टरांनी १९८२ साली स्पष्ट मांडला. पायातला हा फुगवटा आपोआप जात नाही. तो मुलीबरोबर वाढतो. वयात येताना आणि गरोदरपणात जास्त त्रास देतो.

दुसरी गोष्ट आम्ही ठासून सांगतो : घाईने कापू देऊ नका.

अशी एक मुलगी आम्ही वॉर्डात सांभाळली आहे. एका छोट्या दवाखान्यात 'चरबीची गाठ' म्हणून चीर दिली. रक्त थांबेना, तेव्हा बोळे कोंबून, टाके घालून रिक्षाने आमच्याकडे पाठवले. पोर वाचली, पण गाठ तिथेच राहिली, वर पायावर मोठा व्रण आला. आधी एक डॉपलर सोनोग्राफी केली असती तर हे टळले असते.

कारण सगळ्या गाठी सारख्या नसतात. मऊ, दाबली की बसणारी गाठ बहुधा शिरांची असते. हाताला गरम लागणारी, बोट ठेवले की थडथडणारी गाठ असेल तर धमनीचे रक्त थेट शिरेत घुसत असते. ती जास्त धोक्याची. डॉपलर आणि एमआरआय केल्याशिवाय गाठ स्नायूत, नसांत किती खोल गेली आहे हे कळत नाही.

लहान, एका जागी असलेली गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण निघू शकते. पसरलेली गाठ एकदम काढायला गेले तर पायाची ताकदच जाते. म्हणून आधी औषधाचे इंजेक्शन देऊन ती आकसवतात आणि गरज पडली तर टप्प्याटप्प्याने काढतात. थडथडणाऱ्या गाठीत बारीक नळीतून आतले जाळे बंद करतात आणि काढायची असेल तर त्यानंतर लवकरच शस्त्रक्रिया करतात. तिथे नुसती वरची धमनी बांधणे ही मोठी चूक : शरीर रक्ताच्या नव्या वाटा काढते आणि नळी घालायची वाट मात्र बंद होते. काही मुलांचा एक पाय जाड आणि लांब होतो, त्यावर लाल डाग आणि फुगलेल्या शिरा दिसतात. १९०० साली क्लिपेल आणि ट्रेनॉने यांनी याचे वर्णन केले. अशा पायात आतल्या शिरा नीट आहेत का हे न बघता वरच्या काढल्या तर सूज वाढू शकते.

म्हणजे हे एकट्या सर्जनचे काम नाही. रक्तवाहिन्यांचे किंवा प्लास्टिक सर्जन, नळीतून उपचार करणारे रेडिओलॉजिस्ट, हाडांचे डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवायचे असते. त्यासाठी मोठे सरकारी किंवा महापालिकेचे रुग्णालयच गाठा. अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना पाय दाखवा, लपवू नका. रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते भरती होण्याआधी विचारा. जुने केसपेपर आणि फिल्म जपून ठेवा. गाठ फुटून रक्त आले तर पाय उंच करा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि तसेच रुग्णालयात न्या. मालीश नको, डागणे नको.

आणि सरकारला आमचे म्हणणे आहे. हा आजार एका ऑपरेशनने संपत नाही. दाबाचा मोजा वर्षानुवर्षे लागतो, मूल वाढले की नव्या मापाचा लागतो. इंजेक्शने पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. रोजंदारीवरच्या आईने दर फेरीला मजुरी बुडवायची कुठवर? मोजा मोफत मिळाला पाहिजे आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून डॉपलर करून, तारीख ठरवूनच मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवले पाहिजे.

तोवर आपल्या हातात एक काम आहे. त्या मुलीची सलवार खाली ओढू नका. तिला उजेडात आणा, योग्य डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी लगेच कापू म्हणाले, तर आधी विचारा : डॉक्टर, डॉपलर केलीत का?