चालत्या घरामागची मोटार: निवड अवघड का झाली?

अमेरिकेत निवृत्तीनंतर राहते घर विकून किंवा भाड्याने देऊन मोटरहोममध्ये मुक्काम हलवणाऱ्यांचा एक वर्ग आहे. बसच्या आकाराच्या या वाहनात स्वयंपाकघर, शय्या, न्हाणीघर असे सारे काही असते. मात्र तळावर पोहोचून पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या जोडण्या एकदा केल्या की दूध-भाजी आणण्यासाठी किंवा दवाखान्यात जाण्यासाठी हे घर पुन्हा हलवणे जिकिरीचे होते. म्हणून अनेक जण मागे एक लहान मोटार जोडून नेतात. मोठ्या जहाजामागे बांधलेल्या होडीवरून तिला तिकडे 'डिंगी' असे नाव पडले आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी डिंगीची निवड तुलनेने सोपी होती. आज ती अवघड झाली आहे आणि त्यामागची कारणे मोटार उद्योगाच्या बदललेल्या दिशेत दडलेली आहेत.

मोटार मागे नेण्याचे तीन मार्ग आहेत. ती संपूर्णपणे ट्रेलरवर चढवता येते, पुढची दोन चाके डॉलीवर ठेवता येतात किंवा चारही चाके रस्त्यावर ठेवून टो-बारने जोडता येते. तिसरा मार्ग सर्वांत लोकप्रिय आहे, कारण त्यात ट्रेलर ठेवायला वेगळी जागा लागत नाही आणि मोटार काही मिनिटांत सुटी होते. अडचण अशी, की फारच थोड्या मोटारी या मार्गासाठी योग्य असतात.

याचे कारण गिअरबॉक्समध्ये आहे. बहुतेक स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. मोटार ओढली जात असताना इंजिन बंद असते, पण चाकांबरोबर गिअरबॉक्सचे काही भाग फिरत राहतात. तेल न मिळाल्याने ते तापतात, झिजतात आणि शेवटी निकामी होतात. हाताने गिअर बदलण्याच्या अनेक मोटारींत हा धोका कमी असतो. ज्या चारचाकी-चालन मोटारींच्या ट्रान्सफर केसला खरा न्यूट्रल असतो, त्यांत चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो. जीप रँग्लर वर्षानुवर्षे मोटरहोममागे दिसते, ती या रचनेमुळे.

बाजार मात्र नेमका या रचनांपासून दूर गेला. हाताच्या गिअरच्या नव्या मोटारी अमेरिकेत आता नगण्य उरल्या आहेत. होंडाची सीआर-व्ही ही एकेकाळची आवडती डिंगी. २०१५ च्या आवृत्तीपासून तिच्यात सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि तिला चार चाकांवर ओढण्याची मुभा संपली. या प्रवाशांची दुसरी लाडकी, सॅटर्न, ही नाममुद्राच २०१० मध्ये बंद झाली. २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत मस्टँग वगळता जवळपास सर्व छोट्या व मध्यम मोटारी थांबवण्याचे जाहीर केले. होंडा फिटही २०२० च्या आवृत्तीनंतर तेथे मिळेनाशी झाली. विजेच्या मोटारींत चाके आणि मोटर सहसा कायमच्या जोडलेल्या असतात. चाक फिरले की मोटर फिरते आणि वीज निर्माण करू लागते. म्हणूनच टेस्लाच्या पुस्तिकेत मोटार चारही चाके जमिनीपासून उचलूनच न्यावी, अशी सूचना आहे.

राजकीय वारे फिरल्याने यात फरक पडेल का? २०३५ नंतर पेट्रोलच्या नव्या मोटारींची विक्री थांबवण्याच्या कॅलिफोर्नियाच्या नियमाला मिळालेली केंद्रीय परवानगी जून २०२५ मध्ये रद्द करण्यात आली आणि ३० सप्टेंबर २०२५ पासून विजेच्या मोटारींवरील केंद्रीय करसवलतही संपली. तरीही डिंगीचा प्रश्न सुटणार नाही, कारण पेट्रोलवरील मोटारीही सीव्हीटी आणि गुंतागुंतीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांकडेच वळल्या आहेत.

ग्राहकाची खरी फसगत होते ती नावामुळे. जीप ग्रँड चेरोकीच्या अनेक आवृत्त्यांत दोन टप्प्यांची ट्रान्सफर केस असलेली मोटार ओढता येते, एकाच टप्प्याची असलेली ओढता येत नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. अमेरिकेत नव्या मोटारीच्या काचेवर किंमत, इंधनक्षमता आणि सुरक्षेचे गुण छापणे बंधनकारक आहे, पण मोटार चार चाकांवर ओढता येते की नाही, याचा उल्लेख त्यात सक्तीचा नाही. तो मालकाच्या पुस्तिकेतल्या एखाद्या पानावर असतो. विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर विसंबलेल्या निवृत्त दांपत्याला गिअरबॉक्सचा खर्च स्वतःच्या खिशातून भरावा लागू शकतो, कारण पुस्तिकेत मनाई असताना हमी सहसा उपयोगी पडत नाही.

दुसरा सापळा वजनाचा. फोर्डच्या एफ-५३ या मोटरहोमच्या सांगाड्याची एक प्रचलित श्रेणी पाहू. तीत भरलेल्या मोटरहोमचे कमाल वजन २२,००० पौंड, तर मागच्या वाहनासह एकूण मर्यादा २६,००० पौंड असते. मागच्या जोडणीवर ५,००० पौंड लिहिलेले असले, तरी घर पूर्ण भरल्यावर मोटारीसाठी उरतात ४,००० पौंड, म्हणजे सुमारे १,८१४ किलो. चार दारांची रँग्लर सहसा याहून जड भरते. म्हणजे जोडणी जे वजन पेलते ते संपूर्ण वाहनाला पेलेलच असे नाही. पाण्याच्या टाक्या आणि सामान भरून मोटरहोम काट्यावर तोलल्याशिवाय मोटार निवडूच नये, हा जाणत्यांचा सल्ला त्यामुळेच रास्त आहे.

यात प्रश्न केवळ मालकाच्या पैशांचा नाही. मोटरहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या वजनासाठी बनवलेले असतात. मागे दीड-दोन टन जोडले की थांबण्याचे अंतर वाढते आणि घाटाच्या उतारावर त्याची किंमत समोरच्या वाहनातील माणसे मोजू शकतात. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढील (सुमारे १,३६० किलो) ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक लागतात. मात्र ही मर्यादा राज्यागणिक बदलते, त्यामुळे सीमा ओलांडणाऱ्या प्रवाशाने सर्वांत कडक नियमच प्रमाण मानावा. मागच्या मोटारीला पूरक ब्रेक आणि जोडणी तुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी कळ असावी. टो-बार शक्यतो समतल असावा आणि मोटार जोडलेली असताना मागे घेणे टाळावे, कारण तिची पुढची चाके आडवी वळून सुकाणूचे भाग मोडू शकतात.

आपल्याकडे कारवाँ पर्यटनाची चर्चा वाढत आहे. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये त्यासाठी धोरण आणले. अमेरिकेची ही पद्धत मात्र येथे जशीच्या तशी उचलता येणार नाही. १९८९ च्या रस्ता नियमावलीने बंद पडलेले वाहन, नोंदणीकृत ट्रेलर असे मोजके अपवाद वगळता दुसरे वाहन ओढण्यास मनाई केली होती. आपले वळणावळणाचे घाट आणि अरुंद रस्ते पाहता त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. तळावर भाड्याच्या दुचाकीची किंवा टॅक्सीची सोय करणे हाच आपल्याकडे अधिक शहाणपणाचा मार्ग ठरेल. आपल्या भागातील ज्या कुटुंबांची मुले अमेरिकेत आहेत आणि ज्यांना तेथे मोटरहोमने फिरायचे आहे, त्यांनी भाड्याच्या वाहनामागे मोटार जोडण्यापूर्वी करारातील अट अवश्य वाचावी.

अमेरिकी ग्राहकासाठी उपाय मात्र सोपा आहे. मोटार चार चाकांवर ओढता येते की नाही आणि येत असल्यास किती वेगापर्यंत, एवढी एक ओळ काचेवरच्या पत्रकात सक्तीची करायला उद्योगाला फारसा खर्च नाही. ओढता येतील अशा मोटारी बनवायच्या की नाहीत, हे बाजाराने ठरवावे. पण जी मोटार ओढता येत नाही तिच्याबद्दल विक्रीपूर्वीच स्पष्ट सांगणे ही कायद्याची जबाबदारी असायला हवी. आयुष्यभराची पुंजी चाकांवर ठेवून निघालेल्या माणसांची एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.