बर्फाच्या फोटोला भुलू नका

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय. चिडण्याचं कारण आहे चार सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटरची एक पांढरी चकती. तिला पेल्टियर मॉड्यूल म्हणतात. १२ व्होल्ट दिले की एक बाजू गार पडते, दुसरी तापते. घरच्या घरी 'वॉटर चिलर' बनवण्याचे जे शेकडो व्हिडिओ फिरत असतात, त्यातल्या बऱ्याच जणांची ही नायिका. शेवटही ठरलेला. गार बाजूवर पांढरं हिम जमतं, कॅमेरा जवळ जातो, बनवणारा खूश!

हे पाप मीही केलंय. आणि त्याची किंमत मी नाही, दुसऱ्यानेच मोजली. म्हणून हा लेख.

पुण्यात आमच्या गच्चीवर मी पाइपांमध्ये, मातीशिवाय लेट्यूस वाढवतो. १०० लिटरची टाकी, त्यात खतं विरघळवलेलं पाणी, एक पंप. आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाची हौस, दुसरं काय. हिवाळ्यात सगळं मजेत चालतं. मार्च संपता संपता टाकीतलं पाणी ३२ अंशांवर जातं आणि मुळं तपकिरी, बुळबुळीत व्हायला लागतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. आणि नेमका गरम पाण्यातच मुळांना श्वासासाठी तो जास्त लागतो. मागणी वाढली, पुरवठा घटला. वर पिथियमसारखी मूळकुज टपलेलीच असते.

तेव्हा पाणी गार करायला हवं, याबद्दल वादच नाही. सिंगापूरच्या दमट उकाड्यात प्रा. ली सिंग काँग यांनी १९९०च्या दशकात फक्त मुळं गार ठेवून थंड हवेतल्या भाज्या वाढवून दाखवल्या होत्या. वाद आहे तो 'कसं' याबद्दल.

तर झालं असं की, एका रविवारी मी एक मॉड्यूल, जुन्या कॉम्प्युटरचा हीटसिंक आणि पंखा जोडला. गार बाजूवर दहा मिनिटांत बर्फ! लगेच फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. कौतुकाचा पाऊस. अजून ती पट्टी पाण्याला लावलीही नव्हती, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

माझा मावसभाऊ इंदापूरकडे शेती करतो. कर्ज काढून त्याने शेडमध्ये हीच पद्धत सुरू केली होती. २००० लिटरची टाकी, पुण्यातल्या हॉटेलांना माल. रात्री त्याचा फोन आला. "दादा, भारीच की! माझ्या टाकीला किती लागतील?"

मी म्हणालो, "मोठी टाकी आहे, चाळीस लाव."

हा चाळीसचा आकडा कुठून आला? हवेतून. ऑफिसात एखाद्या ज्युनियरने असं एस्टिमेट दिलं असतं तर मी त्याला भर मीटिंगमध्ये सोलून काढला असता. पण भाऊ मला 'इंजिनियर दादा' समजत होता आणि मला ते आवडत होतं. त्याने चाळीस मॉड्यूल, पॉवर सप्लाय, हीटसिंक, पंखे असं सगळं मिळून पस्तीसेक हजार घातले. एप्रिलमध्ये त्याची टाकी ३३ अंशांवर होती. हजारावर रोपं मुळापासून कुजली. मला एका शब्दाने बोलला नाही. "जाऊ दे दादा, आपलं नशीब," एवढंच म्हणाला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कारण नशिबाचा इथे काही संबंध नव्हता. हे दहावीचं गणित होतं आणि ते मी केलं नव्हतं. त्या रात्री केलं. तुम्हीही करून बघा.

एक लिटर पाणी एक अंशाने गार करायचं तर त्यातून ४.२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १०० लिटरला ४२०. व्हिडिओंमधलं नेहमीचं मॉड्यूल, टीईसी१-१२७०६, साधारण ६० वॉट वीज खातं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्यातून फार तर २५ वॉट उष्णता ओढतं. म्हणजे तासाला ९० किलोज्यूल. म्हणजे माझी १०० लिटरची टाकी तासाला ०.२ अंशाने गार होणार. दहा अंश उतरवायला जवळजवळ दोन दिवस, तेही बाहेरून कणभर उष्णता आत आली नाही तर! आणि माझा पाण्यात बुडवलेला पंप ४० वॉटचा होता. त्यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच जाते. एका हाताने ४० घालायचे, दुसऱ्या हाताने २५ काढायचे. याला चिलर म्हणायचं?

भावाचा हिशोब तर आणखी भीषण. ४० मॉड्यूल पाण्यातून १००० वॉट ओढणार, त्यासाठी २४०० वॉट वीज खाणार आणि दोन्ही मिळून ३४०० वॉट उष्णता शेडमध्येच ओतणार. रोपं गार करायला मी त्याच्या शेडमध्ये साडेतीन किलोवॉटची शेगडी पेटवून दिली होती. शेडमधली हवा जितकी तापेल तितकं मॉड्यूलचं काम मंदावतं, ते वेगळंच. आणि वीज गेली की हीच चकती गरम बाजूची उष्णता उलटी पाण्यात सोडते. आमच्या गावाकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नकोच. एक टनाचा साधा एसी साधारण ११००-१२०० वॉट खाऊन ३५०० वॉट उष्णता बाहेर फेकतो. त्याच्याशी तुलना करा आणि गप्प बसा.

मग त्या फोटोतला बर्फ खोटा होता का? नाही. बर्फ खरा होता, त्याचा अर्थ मी खोटा लावला. गार असणं वेगळं आणि गार करणं वेगळं. नखाएवढी पट्टी उणे पाच अंशांवर नेणं सोपं आहे, कारण तिच्यात उष्णता असतेच किती? तापमान फोटोत दिसतं. वॉट दिसत नाहीत.

"अहो, हौस म्हणून करतो, काय बिघडतं?" काही नाही. शिकण्यासाठी जरूर करा, मीही करीन. पण १०० लिटरच्या टाकीचा आलेख दाखवल्याशिवाय 'चिलर तयार' म्हणू नका. कारण बघणाऱ्यांत एखादा कर्ज काढलेला माणूस असतो. "यात गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, पर्यावरणाला चांगलं" हेही ऐकलंय. तेवढ्याच गारव्यासाठी सहा-सातपट वीज जाळून कसलं आलंय पर्यावरण?

मग करायचं काय? सॉफ्टवेअरमध्ये जे रोज करतो तेच. आधी वेळ कुठे जातोय ते मोजायचं, मग कोडला हात लावायचा. इथे आधी उष्णता कुठून येतेय ते शोधायचं. माझी काळी टाकी उन्हात होती. ती सावलीत नेली, पांढरी रंगवली, थर्माकोल गुंडाळला, पंप १५ वॉटचा लावला. भर दुपारचं पाणी ३२ वरून २८.५ वर आलं. चिलर न लावता! भावाने टाकी जमिनीत पुरली.

उरलेल्या अंशांसाठी आपल्याकडे पाणपोईचा रांजण आहेच, त्यामागचं तत्त्व तरी. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता जाते. एवढी ओढायला ते मॉड्यूल २७ तास राबेल! मी भंगारातून एक जुना कूलर आणला, त्याच्या तळातल्या पाण्यात स्टेनलेस स्टीलच्या नळीचं वेटोळं बुडवलं आणि खताचं पाणी त्यातून फिरवलं. ३८ अंशांच्या कोरड्या दुपारी टाकी २४ वर राहते. खताचं पाणी थेट कूलरच्या ताट्यांवर सोडू नका, पाणी उडून क्षार घट्ट होत जातात. तांब्याची नळीही नको, तांबं जास्त झालं तर मुळांना विषच. आणि पाणी आणि वीज शेजारी आली की ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवाच हवा.

मुंबईकर आणि कोकणवासीयांनो, तुमच्याकडे मात्र हे चालणार नाही. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला कूलरचं पाणी २८ च्या खाली जाऊच शकत नाही. तिथे कॉम्प्रेसरच लागतो. छोट्या टाकीला फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बाटल्या चालतात. दोन लिटरची एक बाटली १०० लिटर पाणी दोन अंशांनी उतरवते. मॉड्यूलला त्यालाच नऊ तास लागतील. फोटो काही खास येत नाही, एवढाच तोटा.

भावाची चाळीस मॉड्यूल मी विकत घेतली, पूर्ण किमतीला. तो नको नको म्हणत होता. खोक्यात घालून टेबलाखाली ठेवली आहेत. आता कोणी "अंदाजे किती लागतील?" असं विचारलं की मी आधी त्या खोक्याकडे बघतो आणि म्हणतो, "उद्या सांगतो. हिशोब करून."