मानमोडीचा जातवार हिशेब

ताप जात बघत नाही म्हणतात. लेकाचे खोटं बोलतात. दर साथीला हे वाक्य पेपरात येतं, भाषणात येतं, आणि आपल्यातलीही चार शिकलेली पोरं मान डोलावून ऐकतात. मी मस्तगडचा. निजामाच्या अमदानीत १७२५ साली बांधलेली गढी आणि तिच्या अवतीभवती आमचं जगणं. इथून ठासून सांगतो, दोस्तहो, ताप जात बघतो. तो वय बघतो हेही खरं आहे. पण वयाची गोष्ट सांगताना जातीची गोष्ट कशी गिळली जाते, ते नीट ध्यानात घ्या.

साल १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलेलं. जूनच्या १० तारखेला मुंबईच्या गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापानं दवाखान्यात भरती झाले. पहिली लाट तशी सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली ती माणसं खातच आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं मेली. आगगाडीनं ताप देशभर नेला. हैदराबाद संस्थानही सुटलं नाही. लोकांनी त्याला नाव दिलं मानमोडी. हिंदुस्थानात १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. विसाव्या शतकात असं एकदाच झालं.

एरवीचा फ्लू कोणाला नेतो? तान्ह्या लेकरांना आणि म्हाताऱ्यांना. मानमोडीनं उचलली ती वीस ते चाळीस वयाची माणसं. कमावती, लेकुरवाळी. आपल्या देशात तर पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. सगळ्या घराची उस्तवार करायची, पाणी आणायचं, आणि आपण आजारी पडलो की बघायला कोणी नाही.

तरुणच का? याला शास्त्र आहे, आणि ते आपल्याला कळलंच पाहिजे.

पहिलं कारण, रक्ताची आठवण. लहानपणी जो पहिला फ्लू अंगात शिरतो, त्याची ओळख शरीर जन्मभर धरून ठेवतं. पुढं त्याच कुळीचा विषाणू आला तर शरीर त्याला ओळखतं. वेगळ्या कुळीचा आला तर जुनीच हत्यारं काढून बसतं, आणि ती चालत नाहीत. १८८९-९० ला जगभर एक मोठी साथ आली होती. ती वेगळ्या कुळीची असावी, असं बरेच संशोधक मानतात. तेव्हा जन्मलेली माणसं १९१८ ला २८ वर्षांची होती. अमेरिका-कॅनडाच्या नोंदीत मृत्यूचं टोक बरोबर याच वयावर दिसतं. त्यांच्याहून म्हाताऱ्यांनी १८८९ च्या आधीचे फ्लू भोगले होते, ते बऱ्यापैकी तगले.

२००९ ला हाच खेळ आपण डोळ्यांनी पाहिला. स्वाईन फ्लूचा देशातला पहिला बळी ३ ऑगस्टला पुण्यात गेला. शाळा बंद, थिएटरं बंद, रस्त्यावर तोंडाला रुमाल. मेले त्यात तरुण आणि मध्यमवयीन जास्त. जगभरच्या अंदाजानुसार दहातले आठ मृत्यू ६५ च्या आतले. कारण १९१८ ते १९५७ पर्यंत याच एच१एन१ कुळीचा फ्लू जगात फिरत होता. म्हाताऱ्यांच्या रक्तात त्याची ओळख होती, पोरांच्या रक्तात नव्हती.

दुसरं कारण जरा वेगळं. अनोळखी विषाणू आला की शरीराची फौज कधी कधी पिसाळते आणि आपल्याच फुप्फुसावर तुटून पडते. छातीत पाणी भरतं, श्वास कोंडतो. यावरून गोष्ट पसरली की जो जितका धडधाकट तितका लवकर मेला. शंभर वर्षं ही गोष्ट चालली. बंगल्यातल्या माणसाला ती फार आवडते. मग दोष कोणाचाच नाही! ना उपासमारीचा, ना चाळीचा, ना सरकारचा. पोरगं स्वतःच्याच ताकदीनं मेलं, झालं.

या गोष्टीला दोन ठिकाणी सुरुंग लागलाय. १९१८ ला मेलेल्या ५८ अमेरिकन सैनिकांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे संशोधकांनी २००८ च्या सुमाराला पुन्हा तपासले. जवळजवळ सगळ्यांत जिवाणूंचा न्यूमोनिया सापडला. फ्लूनं दार फोडलं, आत शिरून मारलं दुसऱ्यानंच. मग २०२३ मध्ये अमेरिकेतल्याच क्लीव्हलंडच्या संग्रहातल्या ३६९ सांगाड्यांचा अभ्यास छापून आला. नडगीच्या हाडावर जुन्या दुखण्याची, हलाखीची खूण राहते. ज्यांच्या हाडावर ती ताजी होती, त्यांना त्या साथीत मरण्याचा धोका इतरांच्या २.७ पट होता. म्हणजे तरुणांतही आधीच पिचलेला तरुण जास्त मेला. हाडं खोटं बोलत नाहीत.

आणि आपल्याला क्लीव्हलंडला जायची गरजच काय? मुंबईच्या आरोग्य खात्याचा १९१८ चा तक्ता आहे. दर हजारी मृत्यू असे: युरोपियन ८.३. पारशी ९. मुसलमान १९.२. इतर हिंदू १८.९. आणि ज्यांना गोऱ्यांच्या वहीत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलंय, ते ६१.६.

पुन्हा वाचा. एकसष्ट पूर्णांक सहा. त्याच शहरात, त्याच महिन्यांत, तोच विषाणू. इतर हिंदूंच्या तिप्पट, युरोपियनांच्या सातपट. विषाणूला कोणी जातीचा दाखला दाखवला होता काय? नाही. दाखवला होता घरमालकाला, मुकादमाला, दुकानदाराला. म्हणून आमची माणसं एका खोलीत दहा-दहा झोपत होती, गटारं उपसत होती, मैला वाहत होती. त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. धान्य महागलं होतं. युद्धासाठी माल बाहेर जात होता. पोटात अन्न नाही, छातीत आधीचा क्षय, आणि ताप चढला तरी खाडा केला की चूल बंद. या शरीराला धडधाकट म्हणता?

त्या साली परळच्या चाळीत राहणारा एक तरुण २७ वर्षांचा होता. मानमोडीच्या नेमक्या तावडीतलं वय, आणि ६१.६ वाल्या रकान्यातली जात. नोव्हेंबर १९१८ मध्ये तो सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाला. भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेब राहिले म्हणून आपण आज हे लिहितोय, वाचतोय. त्या रकान्यात त्यांच्या वयाची किती पोरं गेली असतील, त्यातलं कोण काय झालं असतं, याचा विचार करून बघा. छातीत कळ येते.

आता आजचं बोलू. आमच्या जालन्यात सळईच्या भट्ट्यांवर पंचविशीची पोरं उभी आहेत. दंड बघितला तर पैलवान. छातीत धूर किती साठलाय ते कोणी बघत नाही. ऊसतोडीला जोडपी जातात, त्यातली बाई पोटुशी असते. १९१८ लाही आणि २००९ लाही गरोदर बायांना सर्वात जास्त धोका होता. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. तो माणसात शिरला तर तरुणांना जास्त नेतो, हे जगात इतरत्र दिसलंय. कोंबड्या मारायला, पुरायला कोणाचे हात लागतात? मालकाचे नक्कीच नाहीत.

म्हणून पोरांनो, छाती फुगवून 'आपल्याला काय होतंय' म्हणू नका. ताप, खोकला आणि अंग मोडून आलं, की दोन गोळ्या गिळून कामावर जायचं हे बंद करा. धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त आलं, ओठ निळे पडले, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला, तर तडक सरकारी दवाखाना गाठा. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त काम करतं. डॉक्टर 'तरुण आहेस, बरा होशील' म्हणून परत पाठवायला लागला तर तिथंच बसा. तपासल्याशिवाय उठू नका.

आणि मागायचं ते ओरडून मागा. आजारपणाची पगारी रजा रोजंदारीच्या माणसालाही पाहिजे. सफाई कामगार, क्षयरोगी, गरोदर बाया यांना फ्लूची लस फुकट आणि आधी पाहिजे. साथीतल्या मृत्यूंचा हिशेब जातवार, कामवार जाहीर झाला पाहिजे. गोऱ्या सरकारनं १९१८ ला तो ठेवला, म्हणून आज आपल्या हातात पुरावा आहे. कोविडमध्ये आपल्याच सरकारनं असा तक्ता पुढं ठेवला नाही. मोजलंच नाही तर मेलं कोण हे सिद्ध कसं करणार? तोवर आपणच वही घालू या. गल्लीत कोणाला क्षय आहे, कोण पोटुशी आहे, कोण गटारात उतरतो, कोण एकटा राहतो. साथ आली की आधी त्यांच्या दारात जायचं.

आणि कोणी पुन्हा म्हणालाच की ताप जात बघत नाही, तर त्याच्या तोंडावर ६१.६ फेका. मग बोल म्हणावं.