तडा गेलेले कव्हर : सांधावे की बदलावे?

डिसेंबर-जानेवारीतली मुल्लानपूरची सकाळ. चंदीगडला लागून असलेल्या पंजाबातील या गावात दाट धुके उतरलेले. कामावर निघायच्या घाईत साइड स्टँड नीट लागत नाही, मोटरसायकल कलंडते आणि बाजूच्या कव्हरला तडा जातो. संध्याकाळी झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब घरात येते, तुकडे जोडले जातात आणि आठ दिवसांत कव्हर पुन्हा उकलते. दोष ट्यूबचा असतोच असे नाही.

१९७२ साली आलेल्या बजाज चेतकचे अंग पत्र्याचे होते. पोचा आला, तर कारागीर तो ठोकून काढी. प्लास्टिकची मात्र आधी जात ओळखावी लागते. कव्हर काढून उलटे करा. आतल्या बाजूस बहुधा इंग्रजी अक्षरांत ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ अशी खूण असते.

एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते. त्याच प्लास्टिकच्या निकामी तुकड्याचा कीस ॲसिटोनमध्ये भिजवून दाटसर खळ करावी. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडावे. आतली बाजू पॉलिश पेपरने खरवडून बारीक तारेची जाळी ठेवावी आणि वरून खळ भरावी. बाहेरच्या रंगावर थेंबही पडू देऊ नये, रंग उठतो. सांधा निदान एक दिवस हलवू नये. थंडीत तो सावकाश वाळतो, तेव्हा दोन दिवस धीर धरावा. ॲसिटोन चटकन पेट घेते. म्हणून हे काम स्वयंपाकघरात किंवा देवापुढच्या दिव्याजवळ नको. खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलांना दूर ठेवा.

पीपीवर ॲसिटोन चालत नाही आणि साधा गोंदही धरत नाही. ते कव्हर गरम हवेने प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्या कारागिराकडे द्यावे. तो पीपीचीच कांडी वितळवून भेग भरतो.

काही भाग मात्र सांधण्याच्या फंदात पडू नये. हेडलाइट धरून ठेवणारा भाग, चाकाला लागू शकेल असा मडगार्ड किंवा हँडलजवळचे कव्हर मोडले असेल, तर नवेच घ्यावे. सांधा धावत्या गाडीत सुटला, तर तुकडा चाकात किंवा हँडलात अडकू शकतो. स्क्रू बसण्याचे सगळे कान तुटले असतील, तर दुरुस्ती म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

विम्याचा दावा करण्याआधीही हिशेब मांडावा. गाडीच्या नुकसानीचा साधा विमा असेल, तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. शिवाय दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाते. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते. केवळ त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा असेल, तर आपल्या कव्हरचे काहीच मिळत नाही.

कव्हर बसवताना स्क्रूखालचे रबरी वॉशर विसरू नका. ते नसले, की गाडीच्या थरथरीने नवा तडा जातो. स्क्रूही फार आवळू नये. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. कुठे अडकत नाही, केबल ओढली जात नाही, अशी खात्री झाली, की मगच किल्ली लावा.