मजबूत दप्तराचा हिशेब

विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या अखेरीस. त्याआधीच्या रविवारी सीताबर्डीच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते. यंदा त्या गर्दीत मीही होतो, पाचवीत जाणाऱ्या नातीचे बोट धरून. गेल्या साली घेतलेल्या दप्तराचा पट्टा दिवाळीआधीच उसवला होता. तेव्हा या वेळी मजबूत दप्तरच आणायचे, असा सूनबाईंचा हुकूम होता.

दुकानदाराने एक निळे दप्तर पुढे केले. "घ्या काकाजी, धा किलो भरा, काही होत नाही याले!"

आयुष्य बँकेत गेल्यामुळे तपासल्याशिवाय सही करण्याची सवय नाही. पट्टे रुंद आणि गादीचे आहेत का, ते जिथे जोडले आहेत तिथली शिवण दुहेरी आहे का, हे पाहिले. पाठीकडची बाजू मऊ हवी, छातीशी बांधायचा पट्टा असला तर उत्तम. नातीच्या पाठीवर चढवून ते कमरेखाली लोंबत नाही, याची खात्री केली. शिवाय रिकामे दप्तर हलके हवे, नाहीतर ओझ्याची सुरुवात तिथूनच! सगळे ठीक होते. पण ते "धा किलो" काही मनातून जाईना.

शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी भरलेले दप्तर वजनकाट्यावर ठेवले. सहा किलो. नात स्वतः अठ्ठावीस किलोंची. आमच्या बँकेत जाडजूड लेजर कपाटातून टेबलापर्यंत शिपाई आणून देत असे, आणि आम्ही धडधाकट माणसे त्यात काही वावगे मानत नव्हतो. ही पोर मात्र आपले लेजर रोज तीन जिने वर नेते.

हे दुखणे आजचे नाही. आर. के. नारायण यांनी 1989 साली राज्यसभेत पोटतिडकीने दप्तराच्या ओझ्याविषयीच भाषण केले. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीने 1993 साली अहवाल दिला. 2016 साली आपल्या चंद्रपुरात सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेऊन हेच गाऱ्हाणे मांडले. 2020 च्या केंद्राच्या धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये. म्हणजे आमच्या नातीसाठी पावणेतीन किलो!

मग आम्ही दोघांनी रोज रात्री दप्तर रिकामे करून पुन्हा भरायचे ठरवले. वेळापत्रकात नसलेली वह्या-पुस्तके बाहेर, जड पुस्तके पाठीलगत. पहिल्याच रात्री दोन गाइडे, मागच्या इयत्तेची एक वही आणि एक गुळगुळीत दगड निघाला. दगड तिने परत मागून घेतला.

आता वजन चार किलोंवर आले आहे. उरलेला सव्वा किलो आमच्या हातात नाही. एकेका विषयाच्या दोन-दोन वह्या आणि पाण्याची भरलेली बाटली त्यात आहे. शाळेत प्यायला चांगले पाणी आणि पुस्तके ठेवायला एक कपाट असले, तर तोही उतरेल. येत्या पालकसभेत मी हे विचारणार आहे. आपणही आपापल्या शाळेत विचारा.

दप्तर मजबूतच घ्यावे. पण ते दहा किलो पेलते, म्हणून पाठही पेलेल असे नाही.