पाण्याचा दिवस कोणाचा?

छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी येण्याचा दिवस सारे घर लक्षात ठेवते. उन्हाळ्यात कित्येक वसाहतींत दोन पाण्यांमध्ये आठवडा उलटतो. पाणी आले की मोटार लावायची, हौद भरायचा, गच्चीवरच्या टाकीत डोकावायचे. मुलगा वाळूजला किंवा शेंद्र्याला पाळीवर, सूनही नोकरीला. मग शिडी चढतात सत्तरीचे वडील. त्यांना कोणी चढायला सांगितलेले नसते आणि चढू नका असेही कोणी म्हटलेले नसते. ठरलेलेच काही नसते. या वयात पडून खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे कित्येक महिने सगळ्या घराचेच वेळापत्रक कोलमडते.

कमावती मुले आणि आईवडील एका छताखाली राहतात, तेव्हा न ठरलेल्या गोष्टींची किंमत बहुतेकदा तब्येतीतून वसूल होते. जेवणाचेच घ्या. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबले की रक्तातली साखर घसरते. घाम येतो, हात थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो. मुलगा येईपर्यंत थांबू, म्हणून आई गोळी घेऊन दहापर्यंत उपाशी बसते. त्यात माया आहे, पण धोकाही आहे. कोणत्या गोळीनंतर थांबून चालत नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि आईचे ताट साडेआठला वाढायचे, हे घराने ठरवावे. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे, त्यांची भाजी मीठ घालण्याआधी वेगळी काढायची की सर्वांनीच मीठ कमी करायचे, हेही बोलून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे; ती तरण्यांनाही लागू आहे.

दुसरी बाजूही आहे. रात्रपाळीहून आलेल्या मुलाला दिवसा सलग झोप हवी असते आणि नेमका तेव्हाच दिवाणखान्यात टीव्ही मोठ्याने लागतो. नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला आठवड्यात एक दिवस सुटी असावी, हे तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दूधवाल्याचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिताना कोणाला अपमान वाटत नाही. गोळ्यांचा खर्च कोण करणार, दवाखान्यात कोण नेणार, हे लिहायचे म्हटले की मात्र 'आपल्या घरात ही वेळ आली का?' असा प्रश्न येतो. ही वेळ आल्यावर लिहिणे फार अवघड असते. लातूर जिल्हा परिषदेला २०२० मध्ये आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातील ३० टक्के रक्कम कापण्याचा ठराव करावा लागला होता.

घर मुलाच्या नावे करताना तर तोंडी भरवसा पुरत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ सांगते की, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. ती अट असायलाच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. तेव्हा बक्षीसपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाक्य त्यात आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

बाकीच्यासाठी वकील लागत नाही. पुढचे पाणी ज्या दिवशी येणार, त्या तारखेपुढे घरी थांबणाऱ्याचे नाव लिहून सुरुवात करता येईल.